पाचशेच्या बाँडवर लेकीचा पाय

पत्र:

वकीलताई, नमस्कार. मी औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. माझी मुलगी साडेपाच महिन्यांची आहे. फेब्रुवारीत, ती अडीच महिन्यांची असताना, लातूरच्या एका खासगी बालरुग्णालयात पैसे भरून तिला लस दिली. डॉक्टर केबिनमध्येच होते, सुई तिथल्या एका पोराने टोचली. चौथ्या दिवशी डावी मांडी सुजून टणक झाली, ताप चढला. त्याच डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, पण ताप उतरेना. मग दुसऱ्या दवाखान्यात नऊ दिवस ठेवलं. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडापर्यंत इन्फेक्शन गेल्याचं निघालं. ऑपरेशन झालं, पुढे सहा आठवडे औषधं चालली. आजवर १ लाख ४२ हजार गेले. माझं गंठण पतसंस्थेत तारण आहे, बाकीचे माझ्या भावाने दिले. आता पहिल्या डॉक्टरांनी गावातल्या एका पुढाऱ्याच्या हाती निरोप पाठवलाय : दीड लाख रोख देतो, पाचशेच्या बाँडवर सह्या करा. त्यात लिहिलंय की आमची कसलीही तक्रार नाही, पुढे कुठल्याही खात्याकडे तक्रार करणार नाही, आणि मुलीला पुढे काही झालं तर डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत. पेरणी तोंडावर आलीय. मालक म्हणतात, घेऊन टाकू. दीर म्हणतात, पोरं घेऊन दवाखान्यात जाऊ. सासूबाई म्हणतात, लशीनंच लेकराचा पाय गेला, आता एकही लस द्यायची नाही; आणि तूच हौसेनं शहरात नेलंस. पुढाऱ्याला शुक्रवारी उत्तर द्यायचंय. काय करू?
— एक आई

उत्तर:

शुक्रवारी सही करू नका. बाकी सगळं सविस्तर सांगते, पण हे वाक्य आधी मालकांना वाचून दाखवा.

तडजोड वाईट असते म्हणून मी हे सांगत नाहीये. पंचवीस वर्षं ग्राहक आयोगात आणि कोर्टात उभी राहतेय, आणि चांगली तडजोड झाली तर मला आनंदच होतो. तारखांवर लेकरू कडेवर घेऊन येणाऱ्या बाया मी पाहिल्यात. पण तडजोड कशाची करतोय ते माहीत असायला हवं. तुमच्या लेकीचं नेमकं किती नुकसान झालंय, ते आज कुणालाच ठाऊक नाही. तुम्हाला नाही, त्या डॉक्टरांना नाही, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाही नाही. तान्ह्या बाळाचं हाड टोकांशी असलेल्या कोवळ्या भागातून वाढतं. इन्फेक्शन तिथवर पोचलं असेल तर पुढे तो पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहू शकतो किंवा वाकडा वाढू शकतो. पोचलं नसेल तर पोर चांगली धावेल, आणि तसंच होवो. दोन्हींतलं काय, ते कळायला ती उभी राहावी लागते, चालावी लागते, आणि काही वेळा त्यानंतरही दोन-चार वर्षं एक्स-रे काढत राहावं लागतं. ऑपरेशन केलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांना एकच प्रश्न विचारा : "हिला किती वयापर्यंत दाखवत राहायचं?" आणि त्यांचं उत्तर फाइलवर लिहून घ्या. ती ओळ या सगळ्या कागदांत सगळ्यांत मोलाची ठरेल.

आता त्या दीड लाखाचा हिशेब करा. तुमचे गेले १ लाख ४२ हजार. उरले आठ हजार. त्यात तुमच्या भावाचं देणं, पतसंस्थेचं व्याज, दीड महिना बुडालेली मजुरी, लातूरच्या खेपा. आणि याच आठ हजारांत तुमच्या मुलीच्या पायाची पुढची सगळी जोखीम डॉक्टरांच्या अंगावरून उतरून तुमच्या अंगावर येणार.

माझ्याकडे एकदा असाच एक बाप आला होता. चाळीस हजार घेऊन सही केलेली, पोरगं तेव्हा सात महिन्यांचं. अडीच वर्षांचं झालं तेव्हा लंगडायला लागलं. कागद माझ्या टेबलावर ठेवून तो एवढंच म्हणाला, "तेव्हा बी पेरणी होती." आम्ही लढलो, पण पहिली दोन वर्षं तो कागद कसा मोडायचा यातच गेली. पेरणीसाठी पीककर्जाचं बघा, सोसायटीत जा, पतसंस्थेत व्याज भरून तारण पुढे ढकला, पुन्हा भावाकडे हात पसरा. हे सगळं फिटतं. लेकीच्या वतीनं सोडून दिलेला हक्क परत मिळवणं फार कठीण असतं.

कागदातली तीन वाक्यं तुम्ही लिहून पाठवलीत, फार बरं केलंत. पहिलं वाक्य तुमच्या खर्चाबद्दल आहे, त्यावर बोलणी होऊ शकते. तिसरं मुलीच्या उद्याबद्दल आहे. त्यावर आज बोलणीच नको. आणि दुसरं, "कुठल्याही खात्याकडे तक्रार करणार नाही", हे दीड लाख काय पंधरा लाखांनाही विकू नका. का ते सांगते.

लस दिल्यानंतर बाळाला गंभीर त्रास झाला, बाळ दाखल करावं लागलं, की त्याची नोंद आरोग्य खात्याकडे व्हायची एक ठरलेली पद्धत आपल्या देशात आहे. 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' असं अशा त्रासाचं सरकारी नाव. प्राथमिक आरोग्य केंद्रात 'एईएफआय' म्हणालात की लगेच कळतं. गंभीर घटना कानावर आली की २४ तासांत पहिला फॉर्म वर जायचा असतो. लस खासगीत दिली म्हणून ती सुटत नाही. खासगी डॉक्टरांनीही कळवायचं असतं. तुमच्या बाबतीत बहुधा कुणी कळवलं नाही. म्हणून उद्याच तुमच्या आशाताईला घेऊन आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जा, एका पानावर सगळं लिहून द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तसंच एक पत्र जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात लसीकरणाचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना स्पीड पोस्टाने पाठवा. उशीर झाला म्हणून दारातून परत फिरवलं तर फिरू नका. उशिराची नोंदसुद्धा नोंदच असते. महिना-दोन महिने काही कळलं नाही तर माहिती अधिकारात विचारा की माझ्या अर्जाचं काय केलं. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

ही नोंद डॉक्टरांना अडकवण्यासाठी नाही. त्या दवाखान्यात रोज किती आया लेकरं घेऊन येत असतील. टोचणारा पोरगा हात न धुता टोचत असेल, लस नीट राखली जात नसेल, तर ते आज थांबलं पाहिजे. आणि तुमच्यासाठीही, पुढे कुणी म्हणालं की "हे बाई नंतर रचून सांगतात", तर सरकारी दप्तरातली पोच तुमच्या बाजूने उभी राहील.

सासूबाईंच्या मनातलं, लशीनंच पाय गेला हे, मला समजतं. पण दावा करताना हे वाक्य तुम्हाला हरवू शकतं, म्हणून थोडं थांबून सांगते.

१९०२ साली तेव्हाच्या पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचायची मोहीम झाली. १०७ जणांना टोचलं, त्यातले १९ जण धनुर्वाताने गेले. लस तयार करणारे वाल्डेमार हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांचं काम सुटलं, आयुष्याची वर्षं गेली. पण मेलेले सगळेच्या सगळे एकाच बाटलीतून टोचून घेतलेले होते. कुणाला कुठल्या बाटलीतून टोचलं हे माहीत होतं, म्हणून शेवटी निष्कर्षापर्यंत पोचता आलं : लशीत खोट नव्हती, ती बाटली गावात उघडताना दूषित झाली होती. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. मुंबईत परळला त्यांच्याच नावाची संस्था आहे. लस आणि सुई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुणाचा दोष ते नोंदीवरूनच ठरतं, हे तेव्हाही खरं होतं.

तुमच्या लेकीच्या मांडीत चौथ्या दिवशी पू झाला. असा पू बहुतेक वेळा जंतूंचा असतो आणि ते जंतू टोचणाऱ्याच्या हातावरून, नीट न पुसलेल्या कातडीवरून किंवा दूषित सुईवरून आत जातात. लशीतल्या औषधाने झालेली इजा ही वेगळी गोष्ट आहे. "लस सदोष होती" म्हणालात की दावा कंपनीवर जातो. लशीचा प्रत्येक लॉट बाजारात येण्याआधी हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेतून सुटलेला असतो. तो सदोष होता हे औशातल्या एका आईने सिद्ध करायचं म्हणजे डोंगर फोडणं. "इंजेक्शन देताना हेळसांड झाली" हे मात्र तुमच्याजवळच्या कागदांवरून दाखवता येण्यासारखं आहे. अमेरिकेत १९८६च्या कायद्याने आणि ब्रिटनमध्ये १९७९च्या कायद्याने, कुणाची चूक हे न काढता लशीच्या इजेची भरपाई द्यायची सोय आहे. बाळांच्या नेहमीच्या लशींसाठी तसा कायदा आपल्याकडे नाही. आपल्याला चूक दाखवावीच लागते. म्हणून ती नेमकी कुठली, हे पहिल्या अर्जापासून एकाच शब्दांत लिहा. एका कागदात लस, दुसऱ्यात सुई, असं होऊ देऊ नका.

चूक दाखवायला मला काय लागेल? पू तपासायला पाठवला होता का, हे आधी बघा. चिरा दिला तेव्हा आणि हाडाच्या ऑपरेशनच्या वेळी, दोन्हींचे कल्चर रिपोर्ट, म्हणजे पुवात कुठला जंतू होता ते सांगणारे, असतील आणि दोन्हींत एकच जंतू निघाला असेल तर सुईच्या जागेपासून हाडापर्यंतची वाट जवळजवळ दिसतेच. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण समोरचे वकील नक्की म्हणतील की तान्ह्या बाळाच्या हाडात रक्तावाटेही जंतू जातात. ते खरंही आहे. त्यावर तुमच्याकडे तीन गोष्टी हव्यात : टोचलेला पाय तोच, दिवस चौथा, आणि जंतू तोच. दुसऱ्या दवाखान्याच्या डॉक्टरांकडून डिस्चार्ज कार्डाखेरीज एक वेगळं पत्र मिळतं का बघा, की इन्फेक्शन इंजेक्शनच्या जागेवरून पसरलं असं त्यांचं मत आहे. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध लिहायला कचरतात. "चुकलं" असं लिहायला सांगू नका, "कुठून पसरलं" एवढंच लिहायला सांगा.

मग पहिल्या दवाखान्याचे कागद. लसीच्या कार्डावर बॅच नंबर आहे का, स्टिकर आहे का? भरलेल्या पैशांची पावती? चिरा दिल्याची नोंद? हे सगळं लेखी अर्ज करून मागा. २००२च्या वैद्यकीय व्यवसाय नियमांप्रमाणे रुग्णाने मागितले की ७२ तासांत कागद द्यायचे असतात. टोचणाऱ्या पोराचं नाव आणि शिक्षण काय, हेही विचारा. खासगीत बऱ्याचदा एकाच मात्रेची भरलेली सिरिंज वापरतात, आरोग्य केंद्रात पेंटाच्या, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लशीच्या, एका कुपीत दहा मात्रा असतात; तुमच्या लेकीला कुठली दिली, त्या दिवशी आणखी कुणा लेकराला गाठ झाली का, यावरून पुष्कळ कळतं. औषध दुकानाच्या साध्या चिठ्ठ्या असतील तर त्याच दुकानातून पक्की बिलं करून घ्या, दुकानदार नाही म्हणत नाहीत. लातूरच्या खेपांचा हिशेब वहीत लिहा. मांडीचे सुजलेले फोटो फोनमध्ये असतील ते कुणाच्या तरी दुसऱ्या फोनवरही टाकून ठेवा. फोन पडतात, पाण्यात जातात.

त्या पोराच्या शिक्षणाबद्दल का विचारायला सांगतेय? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलचं प्रकरण गेलं होतं. लहान मुलाला नर्सने भलतंच इंजेक्शन दिलं, मेंदूला कायमची इजा झाली. दवाखाना म्हणाला, चूक नर्सची. न्यायालयाने ते ऐकलं नाही. जिच्या हाती सुई दिली तिची जबाबदारी दवाखान्याचीच. त्या निकालातली दुसरी गोष्ट तुमच्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. तिथे मुलाला साडेबारा लाख आणि आई-वडिलांना वेगळे पाच लाख मिळाले. म्हणजे दावे दोन. एक तुमचा, खर्चाचा आणि सोसलेल्याचा. एक तुमच्या मुलीचा, तिच्या पायाचा. तुमचा दावा तुम्ही सोडू शकता. तिचा दावा तुमच्या हाती ठेव म्हणून आहे.

कायदा ही ठेव किती जपतो बघा. दिवाणी कोर्टात दावा चालू असेल तर अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या वतीने कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत, ३२व्या आदेशात, सातवा नियम तसा आहे. परवानगी न घेता केलेली तडजोड पुढे त्या मुलाला रद्द करून घेता येते. घरची माणसं प्रेमळ असली तरी अडचणीत असतात, आणि अडचणीतल्या माणसाकडून लेकराचं कमी मोल होऊ शकतं, हे तो नियम करणाऱ्यांना माहीत होतं. पुढाऱ्याच्या ओसरीवर केलेल्या कागदावर तसा कुणाचा पहारा नसतो. नोटरीचा शिक्का म्हणजे पहारा नव्हे. सही तुमचीच आहे एवढंच तो सांगतो.

आता, पैसे घ्यायचेच नाहीत का? घ्या. पण असे घ्या.

डॉक्टरांना निरोप द्या की आजवरचा खर्च त्यांना द्यायचा असेल तर बँकेतून द्यावा, रोख नको, आणि पावती तुम्ही अशी द्याल : "मुलीच्या आजपर्यंतच्या उपचाराच्या खर्चापोटी रुपये १,४२,००० बँक खात्यात मिळाले. यामुळे मुलीचा किंवा आमचा पुढील भरपाई मागण्याचा अथवा तक्रार करण्याचा कोणताही हक्क आम्ही सोडलेला नाही." डॉक्टर कबूल झाले तर तुमचं गंठण सुटेल आणि लेकीचं काही जाणार नाही. ते चिरा द्यायला लगेच धावले, निरोप पाठवला, यावरून मला ते अगदी पाषाणहृदयी वाटत नाहीत. घाबरलेले वाटतात. त्यांना विचारा, तुमचा व्यावसायिक विमा आहे का? पुष्कळ डॉक्टर असा विमा काढतात. त्या पॉलिसीत बहुधा अट असते की घटना वेळेत कळवायची आणि कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. गुपचूप रोख देऊन मिटवलं तर पुढे मोठी रक्कम द्यायची वेळ येईल तेव्हा विमा कंपनी हात वर करू शकते. म्हणजे हा बाँड त्यांच्याही हिताचा नाही, हे त्यांच्या वकिलांना कळेल.

नाही म्हणाले तर ग्राहक आयोग. तुम्ही पैसे भरून सेवा घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक, आणि जिच्यासाठी घेतली ती लेकही ग्राहक. २०१९च्या कायद्यात तक्रार कुठे करायची हे भरपाई किती मागता यावर ठरत नाही, सेवेपोटी किती मोजलं यावर ठरतं. त्यामुळे भरपाई कितीही मागितली तरी तुमचं प्रकरण लातूरच्या जिल्हा आयोगातच चालेल, आणि मोजलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्यामुळे तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची. ती फेब्रुवारीपासून धरून चाला. "बोलणी चालू आहेत" या सबबीवर घड्याळ थांबत नसतं, आणि मध्यस्थ लोक नेमकं तेच करतात. सणानंतर बघू, सुगीनंतर बघू. घरातल्या कॅलेंडरवर पुढच्या वर्षीचा दिवाळीचा महिना लाल करून ठेवा. तोवर तक्रार दाखल झालेलीच असली पाहिजे. पाय पुढे कसा वाढेल हे तेव्हाही पूर्ण कळलेलं नसेल, पण तोवरचा अहवाल आणि डॉक्टरांनी लिहिलेला पुढचा धोका तक्रारीत मांडता येतो.

ग्राहक कायद्यात मध्यस्थीची सोय आहे असं कुणी सांगेल. आहे, पण उपचारातल्या निष्काळजीपणाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाली असेल तर ते प्रकरण २०२०च्या नियमांप्रमाणे आयोगाच्या मध्यस्थीकडे पाठवता येत नाही. मला तो नियम योग्य वाटतो.

सामोपचाराने मिटवायचंच असेल, आणि पोर चालायला लागून डॉक्टरांनी पायाबद्दल काही ठाम सांगितलं असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व, म्हणजे तक्रार दाखल करण्याआधीचं, प्रकरण म्हणून ते लोकअदालतीपुढे ठेवा. तिथला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, पैसे बुडत नाहीत. पण त्यावर अपील नाही, म्हणून तिथेही घाई नको. लेकीच्या वाट्याची रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवून घ्या आणि उपचाराला लागली तर काढता येईल अशी तरतूद लिहून घ्या. सुकन्या खात्यात टाका असं कुणी सुचवेल. लग्न-शिक्षणासाठी ते खातं चांगलं, पण पैसे ती मोठी होईपर्यंत अडकतात, आणि पायाला ऑपरेशन पाचव्या वर्षीही लागू शकतं. वकिलाच्या फीची चिंता असेल तर त्याच प्राधिकरणात बायांना आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० या नंबरवर फोन केला तरी माहिती देतात. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते.

हे वाचणाऱ्या ज्या आयांच्या लेकरांना उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात फुकट लस मिळाली असेल, त्यांची वाट वेगळी आहे. सगळ्यांनाच फुकट मिळणारी सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय. तिथे दिवाणी दावा, त्याआधी सरकारला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०ची दोन महिन्यांची नोटीस, किंवा उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात याचिका. वकील लवकर गाठा. एईएफआयची नोंद मात्र तिथेही पहिली.

तुमच्या दिरांना माझा निरोप द्या. पोटच्या लेकरासारखी पुतणी आहे, राग येणारच. पण महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे : दवाखान्यात मारहाण, मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि मोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई. ते आत गेले की बोलणी उलटी फिरते. मग "तुम्ही आमच्यावरची केस काढा, आम्ही तुमच्यावरची काढतो" असा सौदा होतो आणि त्यात लेकीचा दावा जातो. हे मी होताना पाहिलंय. पोलिसांत तक्रार द्यायचीच असेल तर ती देता येते, पण डॉक्टरवर गुन्हा धरण्याआधी पोलिसांनी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांचं मत घ्यावं असं २००५च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलंय, आणि हेळसांड फार मोठी असावी लागते. भरपाई त्या वाटेने मिळत नाही. दिरांना काम द्या. कागद गोळा करायला, पक्की बिलं आणायला त्यांच्यासारखा हट्टी माणूसच लागतो.

आणि सासूबाई. त्यांच्याशी भांडू नका, पण ही गोष्ट त्यांच्यावर सोडूही नका. बाळाची तिसरी पेंटा राहिलीय. ती घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि मेंदूज्वर-न्यूमोनिया करणाऱ्या हिब जंतूपासून राखते. सासूबाईंच्या वयाच्या बायकांनी घटसर्पाने गळा धरलेली लेकरं पाहिली असतील, त्यांनाच विचारा. इंजेक्शनच्या जागी पू झाला म्हणून पुढची लस बंद करायची नसते. तारीख टळली तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिली तिथून पुढे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून दिवस ठरवा, दुसऱ्या मांडीवर द्यायला सांगा, आणि या वेळी सासूबाईंना बरोबर न्या. सिस्टरने नवी सुई त्यांच्यासमोर फोडू दे. इतकंच नाही, पुढे समोरचे वकील "आई-बापांनी पुढची काळजी घेतली नाही" असं म्हणू शकणार नाहीत.

तुम्ही पत्राच्या शेवटी सासूबाईंचं ते वाक्य लिहिलंत, "तूच शहरात नेलंस". त्याखाली तुम्ही स्वतःबद्दल काही लिहिलं नाही, पण ते मला दिसलं. बाई, तुम्ही वेळेवर, पैसे मोजून, लेकराला जपायला घेऊन गेलात. सुई टोचणाऱ्याने हात धुवायचे होते, ते तुमचं काम नव्हतं. चौथ्या दिवशी सूज दिसली तेव्हा तुम्ही दवाखाना गाठला, ताप उतरेना तेव्हा दुसरा गाठला. घरात कुणी पुन्हा बोललं तर हे उत्तर त्यांच्या हाती द्या.

शुक्रवारी पुढारी येतील तेव्हा मालकांनी एवढंच म्हणावं : "आम्ही वकिलांना विचारलं. खर्च बँकेतून द्या, आम्ही पावती देतो. बाकीचं पोर चालायला लागल्यावर." चहा द्यावा. त्यांनी कागद पुढे केला तर वाचायला म्हणून एक प्रत ठेवून घ्यावी, सही करू नये, अंगठा देऊ नये, कोऱ्या बाँडवर तर नाहीच. आवाज चढला तर उठून बाहेर जावं.

गावात येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला अंगणवाडीत लेकीचा पाय दाखवा आणि त्यांच्या नोंदवहीत लिहून घ्या. पुढच्या तपासण्या त्यांच्यामार्फत फुकट होऊ शकतात. दर महिन्याच्या एका ठरल्या तारखेला तिला सपाट सतरंजीवर उताणी निजवून दोन्ही पाय सरळ करून फोटो काढत जा, दोन्ही टाचा दिसतील असा. आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा हात सोडून चालेल, त्या दिवशी अंगणात अनवाणी, समोरून आणि मागून, तिच्या चालण्याचा व्हिडिओ काढा. तो आधी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, मग मला पाठवा.